काटे आजोबांचं दाढीचं मशीन

ठसेकाकांना आजवर कोण काय काय म्हणालं, ते त्यांनी कधी मनाला लावून घेतलं नाही. साहेब बिनडोक म्हणाले, ऐकून घेतलं. बायको आळशी म्हणाली, ते तर खरंच होतं. पण नुकती कुठं नीट बोलायला लागलेली नात चारचौघांत 'काटे आजोबा' म्हणाली, आणि ते मात्र जिव्हारी लागलं ते लागलंच.

झालं असं होतं. लेक चार दिवस माहेरी आली होती आणि तिला न्यायला तिचे सासरे आले होते. चहा झाला, बॅगा दाराशी गेल्या, आणि ठसेकाकांनी नातीला उचलून तिच्या गालाला गाल लावला. पोरीनं असं भोकाड पसरलं की खालच्या मजल्यावरची माणसं दार उघडून जिन्यात आली. गाल लालभडक. ती काकांच्या हातातून माशासारखी सुटली, दुसऱ्या आजोबांच्या मांडीवर जाऊन बसली, त्यांच्या गालावरून तळहात फिरवून बघितला आणि निकाल देऊन मोकळी झाली. "हे मऊ आजोबा. ते काटे आजोबा."

व्याही हसले. नुसते हसले असते तरी चाललं असतं. पण ते म्हणाले, "मनावर घेऊ नका हो. लहान आहे, खोटं बोलायला अजून शिकली नाही."

आता या व्याह्यांची दाढी म्हणजे काय, तर हनुवटीवर चार केस, आणि तेही एकमेकांशी भांडण झाल्यासारखे लांब लांब उभे. अशा माणसानं मऊ असण्यात कर्तबगारी ती कसली? टक्कल पडलेल्यानं माझ्या डोक्यात कोंडा नाही म्हणून छाती फुगवावी, तसलं ते. पण हे पोरीला कोण समजावणार.

पुढे फोनवर बघून बोलायची वेळ आली तेव्हा काकांनी लाडानं तोंड फोनच्या जवळ नेलं, तर तिकडे नात दोन पावलं मागे सरकली. फोनमधूनही टोचेल की काय, अशी. त्या दिवशी काका जेवले नाहीत. म्हणजे जेवले, पण दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही, आणि त्यांच्या घरात याला उपासच म्हणतात.

लेकीनं सांगितलं होतं की सुट्टी लागली की नातीला घेऊन चांगली ऐसपैस राहायला येते. काकांनी त्यासाठी ऑफिसातली रजा एक एक दिवस करून साठवून ठेवली होती, म्हातारी माणसं सुतळीचे तुकडे साठवतात तशी. आता रजा होती, नात येणार होती, पण गाल हे असे. आठवडाभर घरात पोरगी असून ती लांबूनच बघणार असेल तर त्या रजेचं काय लोणचं घालायचं?

मुळात दाढी रोज का करत नव्हते, तर त्यांची कातडी. ब्लेड लागलं की गळ्यावर पुरळ उठायचं, कॉलर घासली की आग व्हायची, आणि बायकोनं दिलेली तुरटी लावली की डोळ्यांपुढे काजवे. म्हणून एक दिवस आड, कधी दोन दिवस आड. मधल्या दिवशी गालाची किसणी व्हायची. बायकोनं त्याबद्दल तक्रार केली नाही कधी. पण तिला विचारलंही नव्हतं कुणी.

तर काका बाजारात गेले आणि विजेवर चालणारं दाढीचं मशीन घेऊन आले. दुकानदारानं छान समजावून सांगितलं. वर बारीक भोकांची पातळ जाळी, जाळीच्या आत पाती सरसर हलतात. केस भोकातून आत शिरतो आणि आतल्या आत कापला जातो. पात्याची आणि कातडीची भेटच होत नाही, मग जळजळ होणार कुठून? हे ऐकताना काका समोरच्या आरशात बघत होते आणि आरशात नात त्यांच्या गालाला गाल लावून बसली होती. दुकानदार पुढे हात कसा ठेवायचा, किती दिवस लागतात असलं बरंच काही सांगत होता. ते काकांच्या कानापर्यंत आलं आणि तिथूनच परत गेलं.

घरी खोकं उघडायच्या आत समोरच्या दारातले विमेवाले आले. हा माणूस विमा विकतो. माणूस मेल्यावर काय काय होईल हे सांगून त्याचं पोट भरतं, म्हणून माणूस जिवंत असतानाचे प्रश्न तो फुकटात सोडवतो. त्यानं मशीन हातात घेतलं, वजन बघितलं, कानाशी नेऊन हलवलं आणि सांगितलं की आज अजिबात लावू नका. एवढ्याशा खुंटांवर हे चालवणं म्हणजे मुंगी मारायला रोडरोलर काढणं. दाढी चांगली वाढू द्या. गवत वाढलं की कापणाऱ्यालाही मजा आणि बघणाऱ्यालाही. त्याच्या साडूनं असंच केलं होतं म्हणे. साडूचं पुढे काय झालं ते त्यानं सांगितलं नाही आणि काकांनीही विचारलं नाही. फुकटच्या सल्ल्याची पावती कोण मागतो.

काकांनी दाढी वाढवली. ती काही एकसारखी वाढली नाही. हनुवटीवर पांढरी, कानाजवळ काळी, आणि गालाच्या मधोमध एक पट्टा असा की तिथं काय करायचं हे केसांचं अजून ठरत नव्हतं. बायको एक दिवस भाजी घेऊन आली आणि म्हणाली की भाजीवाला विचारत होता, घरी कोण पाहुणे आलेत?

मग एका सकाळी काका आरशासमोर उभे राहिले. विमेवाले दाराशी येऊन थांबले, उद्घाटनाला बोलावल्यासारखे. मशीन सुरू झालं. भुंगा डब्यात कोंडल्यासारखा आवाज. काकांनी ते गालावरून फिरवलं, वरून खाली, खालून वर, आडवं, तिरकं. आवाज येत होता, दाढी जात नव्हती. लांब केस जाळीखाली निवांत आडवे पडायचे, मशीन पुढे गेलं की पुन्हा उठून बसायचे. एखादा चुकून भोकात अडकला तर तो कापला न जाता ओढला जायचा, आणि काकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. विमेवाल्यांना एकदम आठवलं की कुणाला तरी फोन करायचाय.

आता इथं काकांचं काम काय ते सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचा घोळ ध्यानात यायचा नाही. पाणी खात्याच्या ऑफिसात बाहेरून येणाऱ्या प्रत्येक कागदावर तारखेचा शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. ठसेकाका हे नाव त्यावरूनच. आणि त्यांचा शिक्का म्हणजे लेचापेचा नाही. वरच्या कागदावर मारलेला खालच्या तिसऱ्या कागदावर वाचता यायचा. टेबलाला त्या जागी खळगा पडला होता, त्यात त्यांचा चहाचा कप बरोबर बसायचा. उभ्या नोकरीत त्यांना एकच गोष्ट पक्की कळली होती: काम नीट झालं नाही, म्हणजे दाबलं कमी गेलं. मग ते लिफ्टचं बटण असो, दाराची बेल असो की टूथपेस्ट. त्यांच्या घरची बेल दोनदा आत गेली होती आणि ती दाबणारे दोन्ही वेळा तेच होते.

तर दाढी निघेना म्हटल्यावर त्यांनी काय केलं असेल? डावा पाय पुढे टाकला, कोपर वर उचललं आणि दाबलं. जाळी गालात रुतली. गाल तापला. त्यांनी आणखी दाबलं. सात-आठ ठिकाणी केस खरंच निघाले, पण केसांबरोबर कातडीचा वरचा पापुद्राही निघाला. मशीन खाली ठेवलं तेव्हा डाव्या गालावर जाळीची नक्षी उमटलेली, लांबट, चौकोनी, आणि एकदम स्पष्ट. शिक्का म्हणून बघितलं तर कुणी नाव ठेवलं नसतं. उरलेली दाढी मधे मधे तशीच. झाडं तोडून प्लॉट पाडलेल्या टेकडीसारखं तोंड झालं होतं. बायकोनं तोंडावर हात ठेवला. तो दयेपोटी ठेवला की हसू दाबायला, ते काकांनी विचारलं नाही. काही गोष्टी न विचारण्यात संसार टिकतो.

ब्लेडनं उरलेली दाढी काढावी तर गाल सुजलेला, पाणी लागलं तरी चरचरायचं. बायकोनं सांगितलं, आता गाल शांत होईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. म्हणून काका तेच तोंड घेऊन ऑफिसात गेले.

आणि ऑफिसात नवीनच एक हजेरीचं मशीन बसवलं होतं. सही बंद, अंगठा बंद. सगळ्यांचे फोटो मागेच काढून घेतलेले. भिंतीवरच्या काचेसमोर उभं राहायचं, ती चेहरा बघते आणि आत एक गोड बाई बोलते, धन्यवाद. काका उभे राहिले. बाई म्हणाली, चेहरा जुळत नाही, कृपया पुन्हा प्रयत्न करा. काकांनी चष्मा काढला. जुळत नाही. चष्मा लावला, केस बसवले, पोट आत घेतलं. जुळत नाही. मागे रांग लागली. रांगेतून कुणीतरी सुचवलं की हसून बघा, फोटो काढताना हसला असाल. काका हसले. गाल ताणला, जळजळ झाली, आणि ती बाई चौथ्यांदा तेच म्हणाली. शेवटी काकांनी काचेवर बोट दाबून बघितलं. ती बेल नव्हती, पण सवय.

मग ते मोठ्या बाईंकडे गेले. मोठ्या बाई म्हणजे त्यांच्या विभागाच्या प्रमुख. वाईट नव्हत्या, पण नियमाच्या बाहेर पाय टाकायचा म्हटला की त्यांना चक्कर यायची. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "काका, तुम्ही मला समोर दिसताय, ते मी नाकारत नाही. पण तुम्ही हजर नाही."

"मग मी आहे कुठं?" काका म्हणाले.

ते मशीनला माहीत, असं त्यांचं म्हणणं. मशीननं हजर म्हटलं नाही तर गैरहजर, आणि गैरहजर म्हणजे रजा कापली जाणार. म्हणजे इथं खुर्चीवर बसून काम करायचं आणि तिकडे नातीसाठी साठवलेली रजा एक एक दिवसानं झिजत जायची. गाल गेला तो गेला, आता रजाही चालली. नात येईल तेव्हा आजोबा काटेही असणार आणि ऑफिसातही असणार.

उपाय होता. अर्ज करायचा, की खाली सही करणारा मी, मीच आहे. काकांनी तिथल्या तिथे लिहिला. पण कुठलाही अर्ज शिक्का मारल्याशिवाय पुढे जात नाही, आणि शिक्का मारणार कोण, तर ठसेकाका. त्यांनी मारलाही, दणदणीत. अर्ज परत आला. शेरा असा की शिक्का मारणारा कर्मचारी त्या दिवशी गैरहजर होता, सबब शिक्का ग्राह्य नाही. मग शेजारच्या टेबलावरच्या, नुकत्याच लागलेल्या मुलीला सांगितलं की बाई, तू मार. तिनं मारला तो असा की कागदाला गुदगुल्या झाल्या असतील. तो अर्जही परत आला. शेरा, शिक्का अस्पष्ट. काकांनी मान वर केली आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना वाटलं की पाणी खातं बंद पडलं तरी लोकांना नदी आहे.

असे काही दिवस गेले. काका रोज यायचे, काचेसमोर उभे राहायचे, नाकारले जायचे आणि जाऊन काम करायचे. विमेवाल्यांनी एक सल्ला दिला होता की दाढी अर्धवट नको, पूर्णच वाढवा, नवीन फोटो काढा आणि नवा माणूस म्हणून हजर व्हा. काकांनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. विमेवाल्यांनी मग तो सल्ला परत घेतला. सल्ला परत घेण्याची त्यांची ती पहिलीच वेळ.

एका सुट्टीच्या सकाळी काका पुन्हा आरशासमोर गेले. गाल बराच निवळला होता. मशीन हातात घेतलं, डावा पाय पुढे टाकला, कोपर वर उचललं. बायको दारातून बघत होती. ती म्हणाली, "अहो, ही दाढी करणं आहे का? शिक्का मारताय तुम्ही."

काका थांबले. त्यांनी आपल्या कोपराकडे बघितलं. ते खरंच वर गेलेलं होतं, टेबलावर जातं तसं.

पुढचं सगळं बायकोनं हातात घेतलं. आधी त्यांना कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे पाठवलं, वाढलेली दाढी बारीक करून आणायला. न्हाव्याला मशीनची बातमी कधीच लागली होती. त्यानं कात्री चालवली आणि निघताना विचारलं की लग्नकार्य वगैरे असलं तरी मला सांगणार ना, की त्यालाही मशीनच? काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. डोक्याचे केस तुझेच, म्हणाले. उरलेत तेवढे.

घरी बायकोनं खिडकीजवळ स्टूल मांडलं. काकांना बसवलं. मशीन सुरू केलं आणि जाळी गालाला लावायच्या आत काकांचा हात वर आला, तिच्या हातावरून दाबायला. तिनं हात खाली केला. पुन्हा वर आला. मग तिनं सांगितलं, "दोन्ही हात मांडीखाली घालून बसा. उठेपर्यंत काढायचे नाहीत." पाणी खात्याचा इतका जुना कर्मचारी मांडीखाली हात घालून स्टुलावर बसला, आणि समोरच्या खिडकीतून विमेवाल्यांच्या घरातलं सगळं दिसत होतं, म्हणजे तिकडूनही सगळं दिसत असणार. पण काकांनी ते सोसलं. नातीसाठी माणूस काय काय सोसतो.

एका हातानं तिनं गाल ताणून धरला. दुसऱ्या हातानं मशीन नुसतं टेकवलं, तान्ह्या बाळाच्या डोक्यावरून हात फिरवतात तसं, आणि केस ज्या बाजूला झुकलेत त्याच्या उलट, थोडं थोडं वर नेलं. आधी बारीक करकर यायची, जाळीत केस शिरत असल्याची. मग करकर कमी व्हायची आणि स्वच्छ घूंऽऽ एवढंच राहायचं. तसं झालं की ती पुढच्या जागेवर जायची. मधे एकदा म्हणाली की आवाज ऐका, तोच सांगतो झालं की नाही, दाबायचं कशाला. गाल तिच्या हातात होता. खिडकीतून ऊन येत होतं, आणि लग्नाला एवढी वर्षं झाली तरी या बाईनं आपल्या गालाला इतका वेळ हात लावलाय असं त्यांना काही आठवेना. मधेच त्यांचा डोळा लागला. ती म्हणाली, "घोरू नका, मान हलते."

झाल्यावर काकांनी मांडीखालून हात काढले आणि गालावरून फिरवले. मग पुन्हा फिरवले. गळ्यावर पुरळ नाही, आग नाही. आरशात बघून ते म्हणाले की अजून थोडं लालसर आहे. बायको म्हणाली की दुकानदाराच्या कागदावर लिहिलंय, कातडीला सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. तो कागद खोक्यात तसाच घडी घातलेला होता, तो तिनं वाचला होता. काकांनी तो वाचण्याचा प्रश्न नव्हता. शिक्का नसलेला कागद त्यांनी कधी वाचलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते काचेसमोर उभे राहिले. बाईनं एक क्षण विचार केला आणि म्हणाली, धन्यवाद. मागच्या रांगेनं टाळ्या वाजवल्या. काकांनी काचेला मान लवून उत्तर दिलं.

राहिला मधल्या दिवसांचा प्रश्न. तो मोठ्या बाईंनीच सोडवला, आणि नियमानंच सोडवला. त्या म्हणाल्या, मधल्या सगळ्या दिवसांत बाहेरून आलेल्या प्रत्येक कागदावर काकांचा शिक्का आहे. काका गैरहजर धरले तर ते सगळे कागद आलेच नाहीत असं होईल, आणि त्यात वरच्या साहेबांच्या बदलीचा कागद आहे. साहेबांना ती बदली फार हवी होती. दुपारपर्यंत काका मागल्या तारखेपासून हजर झाले. रजा शाबूत राहिली.

मग रोज सकाळी काका स्वतः दाढी करू लागले. एक हात गालावर, एक हात मशीनवर, आणि बायको स्वयंपाकघरातून आवाज ऐकून ओरडायची, कोपर खाली. काही दिवस नुसत्या आवाजावरून तिला कोपर कळायचं. हळूहळू तिचं ओरडणं कमी झालं. गळ्यावरचं पुरळ गेलं ते परत आलं नाही. कॉलर लागली तरी आग होईना. ऑफिसातही काही फरक पडला होता, कारण शेजारच्या टेबलावरची मुलगी एक दिवस म्हणाली की काका, तुमचा कप हल्ली हलत नाही. शिक्का मारला तरी.

आता एवढं सगळं जमल्यावर देवानं गप्प बसावं की नाही? नात यायच्या आदल्या दिवशी मशीन बंद पडलं. बटण दाबलं, सुरू होईना. सोडलं, पुन्हा दाबलं, चारदा दाबलं. नाहीच. चार्ज करून ठेवलं तरी मुडद्यासारखं. काका ऑफिसातून लवकर निघून दुरुस्तीच्या केंद्रावर गेले. तिथं नंबर घ्यायचा होता. नंबर आला तर खिडकीतला माणूस म्हणाला की मूळ खोकं लागेल. काका घरी जाऊन खोकं घेऊन आले. नंबर पुन्हा घ्यायचा होता. तो आला तर म्हणाला की ठेवून जा, आठवड्यानं कळवतो.

आठवड्यानं? काकांनी त्याला सगळं सांगितलं. नात, व्याही, काटे, मऊ, काच, अर्ज. खिडकीतला माणूस ऐकत होता, म्हणजे त्याचं तोंड काकांकडे होतं. काका रागारागानं मशीन त्याच्यापुढे काउंटरवर ठेवून म्हणाले, हे बघा, हे असं दाबतो आणि काही होत नाही. आणि त्यांनी दाबलं, रागात होते म्हणून जुन्या हातानं, खूप वेळ. मशीन काउंटरवर भुंग्यासारखं थरथरायला लागलं आणि सरकत सरकत पेनाच्या डब्यापर्यंत गेलं.

"चालतंय की," खिडकीतला माणूस म्हणाला आणि पुढचा नंबर पुकारला.

नंतर बायकोनं खोक्यातला तो कागद वाचून सांगितलं की बटण जास्त वेळ दाबलं की मशीनला कुलूप लागतं, प्रवासात पिशवीत आपोआप सुरू होऊ नये म्हणून, आणि पुन्हा तसंच दाबलं की उघडतं. म्हणजे लावलं काकांनीच आणि उघडलंही काकांनीच. पण ते हे बाहेर कुठं बोलले नाहीत. विमेवाल्यांना त्यांनी सांगितलं की केंद्रावर गेलो, जरा कडक बोललो, झालं काम.

लेक सकाळीच आली. काकांची दाढी पहाटेच झाली होती, दोनदा आवाज तपासून. गाल असा की माशी बसली तर घसरावी. दार उघडलं, लेकीच्या मागे नात उभी, हातात एक कापडी ससा. काका गुडघ्यांवर बसले आणि गाल पुढे केला. आपण लगेच हात लावायचा नाही, एवढं ते या दिवसांत शिकले होते.

नात पुढे आली. एक बोट लावलं. मग अख्खा तळहात. मग तिनं सशाचा गाल लावून बघितला. तिनं त्यांच्या मागे घरात डोकावून बघितलं, सोफ्याच्या पलीकडे, आतल्या खोलीच्या दाराकडे, आणि विचारलं, "काटे आजोबा कुठे गेले?"

काका म्हणाले, मीच तो. तिनं मान हलवली. तिनं सगळ्या रस्त्यानं सशाला सांगत आणलं होतं की तिथं काटे आजोबा आहेत, आपण लांबून बघू, मग हात लावून बघू. ससा घाबरला होता, पण तिनं त्याची समजूत काढली होती. आणि आता इथं कुणी दुसरेच. तिचा ओठ थरथरायला लागला. लेक हसायची तेवढी हसून घेत होती. काकांनी बायकोकडे बघितलं. मशीननं ओळखलं तर नातीनं ओळखलं नाही, आता अर्ज कुणाकडे करायचा?

बायकोनं काही सुचवलं नाही. काकांनाच सुचलं. त्यांनी नातीला सांगितलं की काटे आजोबा सकाळी नसतात, कामाला जातात. सकाळी घरात मऊ आजोबा असतात. काटे आजोबा संध्याकाळी येतात, हळूहळू येतात, लक्ष ठेवावं लागतं. तिनं हे ऐकलं, सशालाही ऐकवलं, आणि मग एवढं ठरलं असेल तर तोपर्यंत चालेल म्हणून ती काकांच्या मांडीवर येऊन बसली आणि डोकं मागे त्यांच्या गालाला टेकवलं. इतकं सहज टेकवलं की तिला ते कळलंही नाही. काका किती तरी वेळ हलले नाहीत. पाय बधिर झाला, चहा गार झाला, विमेवाले दाराशी येऊन बघून गेले.

दिवसभर ती अधूनमधून येऊन गाल तपासत होती. जेवणानंतर म्हणाली, नाही आले. खेळून आली, म्हणाली, थोडेसे वाटतात. दिवे लागले तेव्हा तिनं हनुवटीखाली तळहात नेला, आणि एकदम मागे घेतला, आणि परत नेला. करकर आवाज आला. ती जी हसत सुटली ती सशासकट लोळली. मग सशाला लावलं, लेकीचा हात ओढून लावला, आजीचा लावला. आजी म्हणाली की मला माहितीयत ते, आधीपासून. पण तिनं हात लगेच काढला नाही.

रात्री तिकडच्या आजोबांचा फोन आला. पोरीनं फोन स्वतः घेतला आणि तोंडाच्या अगदी जवळ धरला.

"आजोबा, इथं ना दोन आजोबा आहेत," ती म्हणाली. "सकाळचे मऊ आणि संध्याकाळचे काटे. तुम्ही एकटेच आहात ना तिथं?"

व्याही म्हणाले, जरा आजोबांना दे फोन. काकांनी घेतला. तिकडून घसा खाकरल्याचा आवाज आला, आणि व्याही खालच्या आवाजात म्हणाले, "काय हो, ते काटे यायला काही लावावं लागतं का?"